रिकाम्या पुंगळीचे पुढे काय?

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आमच्या नवीन जालन्यातले एक परिचित सराफ फराळाला आले होते. सारे त्यांना अण्णा म्हणतात. चिवडा संपला, चहा झाला आणि अण्णांनी जाकिटाच्या खिशातून गुलाबी कागदाची एक पुडी काढली. दागिना बांधून देतात तोच हा कागद. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींची नजर लगेच तिकडे वळली, हे सांगायला नकोच! पुडीतून निघाल्या मात्र चार पितळी पुंगळ्या. बोटाच्या पेराहूनही लहान, एका तोंडाने उघड्या, आतून काळवंडलेल्या.

"सर, ही काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरता येतात म्हणे. अमेरिकेत लोक गॅरेजात बसून भरतात. तोलायच्या कामात तर आपला हात धरणारा कोणी नाही. कशी सुरुवात करायची, तेवढे सांगा."

अण्णांची मुलगी रायफल नेमबाजी करते. सरावाला संभाजीनगरला जाते. काडतुसे परदेशातून येतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. पन्नास मीटरच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत नुसत्या पात्रता फेरीलाच साठ गोळ्या लागतात. मग वर्षभराच्या सरावाचा हिशेब वाचकांनीच करावा. पोरीला 'पुरे कर' म्हणवत नाही आणि रोजमेळ तर जुळत नाही, अशा पेचात सापडलेला हा बाप होता. मी मराठीचा प्राध्यापक. पण काही वर्षे महाविद्यालयात एन. सी. सी.चे काम पाहिले असल्यामुळे बंदुकीचा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि वृत्तांचा फारसा येत नाही!

पुंगळ्या पाहून माझ्या पोटात आधी गोळाच आला. त्याचे कारण जुने आहे. एन. सी. सी.त गोळीबाराचा सराव झाला की जितकी काडतुसे दिली तितक्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत कराव्या लागतात. एके दिवशी मोजणीत एक कमी भरली. चाळीस मुले गुडघ्यांवर बसून गवताची काडी न् काडी चाळू लागली. दुपार सरली, पाण्याचे डबे संपले, एक हवालदार तर माझ्याकडे मीच गिळली असावी अशा नजरेने पाहू लागला. दिवेलागणीला ती सापडली. शेजारच्या रायफलीतून उडून एका मुलाच्या दुमडलेल्या बाहीत ती जाऊन बसली होती. तेव्हापासून रिकाम्या पुंगळीला मी भरलेल्या काडतुसाइतकाच मान देतो.

असो. अण्णांच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग होते.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. इंग्रजी 'कार्ट्रिज' हे त्याचेच भावंड, आणि मुलांच्या चित्रकलेच्या वहीतला जाड कार्ट्रिज पेपर मुळात काडतुसांसाठीच केलेला. कारण पहिली काडतुसे कागदाचीच असत: कागदाच्या सुरळीत मोजलेली दारू आणि शिशाची गोळी. आमच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली, तिथे पायदळाचे शिपाई हीच पुडी दातांनी फोडीत, चिमूटभर दारू कानात घालीत आणि उरलेली नळीत ओतून गजाने ठाशीत. म्हणजे त्या काळी बंदूकवाला प्रत्येक जण आपली बंदूक स्वतःच भरीत असे. त्याचे कोणाला कौतुक नव्हते. पुंगळी पितळेची झाली, कारखान्यात बनू लागली, तेव्हा हे काम माणसाच्या हातून सुटले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला, तो याच नव्या काळाचा.

आजच्या काडतुसाचे भाग चार. पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. घोड्याचा आघात टोपीवर होतो, ठिणगी दारूत जाते, वायू फुगतो आणि गोळी सुटते. गोळी गेली, दारू जळाली, टोपी विझली; उरते ती पुंगळी. शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त, अशा ज्या पितळेची ती बनते त्याला धातुशास्त्रात काडतुसी पितळ असेच नाव आहे. हे पितळ दाबाने फुगून नळीला आतून चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि क्षणात आखडून सुटे होते. मोठ्या रायफलीच्या काडतुसात सर्वांत खर्चाचा भाग बहुधा हाच. तो एकदा वापरून मोडीत टाकायचा, हे काटकसरी माणसाला कसे रुचावे?

त्यातूनच पुनर्भरणाचा छंद निघाला. जुनी टोपी सुईने बाहेर ढकलायची. फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची. चीर गेली आहे का ते पाहायचे. नवी टोपी बसवायची. दारू तोलून घालायची. गोळी ठराविक खोलीवर बसवायची. अमेरिकेत हा छंद एवढा पसरला, त्यामागे एक गंमत आहे. १८६६च्या सुमारास टोपीच्या दोन तऱ्हा निघाल्या. एक इंग्रज लष्करी अधिकारी बॉक्सर यांची, दुसरी अमेरिकन बर्डन यांची. बॉक्सरच्या टोपीत आघात झेलणारी चिमुकली ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. त्यामुळे टोपी सुईने सहज निघते. बर्डनची ऐरण पुंगळीच्याच बुडात असते, भोके कडेला. सुई घालायला जागा नाही. गंमत अशी की इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने! म्हणून अमेरिकन माणसाला घरी बसून जे जमले ते इतरांना जड गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर शिलकी सरकारी दारू स्वस्तात निघाली. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ती घेतली आणि विकायला सुरुवात केली. हौशी लोकांना दारूचा तुटवडा उरला नाही.

ऐरणीचे नाव निघताच अण्णा सावरून बसले. वजनाची गोष्ट निघाली तेव्हा तर फुललेच. या कामातले माप ग्रेन. इंग्रजांनी आपला तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे एक मासा पंधरा ग्रेन आणि एक गुंज जवळजवळ दोन ग्रेन. दोन्ही महायुद्धांत आपल्या पलटणींनी वापरलेल्या ३०३ रायफलीची गोळी १७४ ग्रेनांची, म्हणजे साडेअकरा माशांच्या किंचित वर. "मग सर, हे तर आमचेच काम!" अण्णा म्हणाले.

"अण्णा," मी म्हटले, "सोने गुंजभर चुकले तर गिऱ्हाईक भांडते. इथे दारू चुकली तर रायफल फुटते, आणि ती पोरीच्या गालाशी असते."

ते गप्प झाले. मीही जरा कठोर बोललो खरा. पण एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे, एका जातीच्या दारूऐवजी दुसरी पडणे, या चुका तिकडच्या सवयीच्या माणसांकडूनही घडतात. टोपीतले स्फोटक तर नुसत्या दाबाने पेटते. मुलांच्या टिकल्यांचे हे थोरले आणि बरेच तापट भावंड.

याहून मोठी अडचण कायद्याची. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्यातही 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रे घातलेली आहेत. म्हणजे भरलेले काडतूस जवळ नसले आणि नुसता साचा कपाटात असला, तरी माणूस अडकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. पूर्वी शिकारी मंडळी बारा बोअरची काडतुसे दिवाणखान्यात बसून भरीत, त्याच्या सुरस कथा आपण ऐकतो. पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपली, आणि त्या कथांवर विसंबून आज कोणी साचा मागवू नये.

आणि गंमत पाहा, एवढे सगळे करूनही अण्णांच्या पुंगळ्या भरल्या जाणार नव्हत्याच! मी त्यातली एक उलटी करून त्यांच्या तळहातावर ठेवली. बुडाला टोपी नाही; नुसते सपाट पितळ आणि काठावर घोड्याचा एक दबका. पॉइंट बावीस बोअरच्या या काडतुसात स्फोटक टोपीत नसते, तर पुंगळीच्या दुमडलेल्या काठात भरलेले असते. काठ चेपला की ते उडते. तो काठ पुन्हा भरून सरळ करणे व्यवहारात शक्य नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली ती याच जातीच्या काडतुसावर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसावर. पन्नास मीटरवरचे लक्ष्य, आणि त्यात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे. असा नेम साधणारी मंडळी काडतुसे भरीत नाहीत, निवडतात. एकाच कारखान्याच्या एकाच नावाच्या मालातही घाण्याघाण्याला फरक असतो, आणि एका रायफलीला मानवलेला घाणा दुसरीला मानवतोच असे नाही. म्हणून रायफल घट्ट आवळून निरनिराळे घाणे झाडून पाहतात आणि ज्याची भोके सर्वांत जवळ पडतील तो साठवतात.

"म्हणजे पैसे वाचायचे नाहीत," अण्णा म्हणाले. गुलाबी कागदाची घडी त्यांनी पुन्हा पुन्हा घातली.

मी म्हटले, पैसे वाचतील, पण दुसऱ्या दाराने. पोरीचा निम्मा सराव दहा मीटरच्या हवेच्या रायफलीवर येऊ द्या. त्यात दारू नाही, टोपी नाही, पुंगळीही नाही. नुसता शिशाचा छर्रा आणि दाबलेली हवा. खर्च कितीतरी कमी, आणि तिथला दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा! उभे राहणे, श्वास धरणे, चाप हळूच ओढणे, हे सारे दोन्हीकडे सारखेच.

अण्णा काही न बोलता गेले. मला वाटले, नाराज झाले.

श्रावणात गळ्यातल्या साखळीचा आकडा दुरुस्त करायला म्हणून आम्ही दोघे त्यांच्या दुकानी गेलो. गिऱ्हाईक नव्हते. काचेच्या पेटीतल्या काट्यापाशी त्यांची मुलगी बसली होती, समोर छर्ऱ्यांचा डबा. चिमट्याने एकेक छर्रा उचलून ती काट्यावर ठेवी आणि वजन पाहून तीन वाट्यांपैकी एकीत टाकी. सव्वाचार गुंजांच्या आतबाहेरचा हा माल. सारख्या वजनाचे छर्रे एकत्र असले म्हणजे नेम विस्कटत नाही. अण्णा चष्म्यावरून पाहत होते.

"तिसऱ्या वाटीत टाक तो," ते म्हणाले. "काटा अजून थांबला नाहीये."