बाकडे उलटे करून पाहा

आमच्या अंगणात नळाजवळ एक सागवानी बाकडे आहे. दादीअम्मा त्यावर बसून वुजू करतात. मागच्या पावसाळ्यात त्या म्हणाल्या, "बाकडे हलते रे." उलटे करून पाहिले, तर वरची फळी धडधाकट आणि एका पायाचे टोक भुसभुशीत! त्या पडल्या असत्या तर, या विचारानेच आमच्या पोटात गोळा आला.

गोंदियाच्या जंगलातला साग टिकाऊ, हे खरे. पण टिकाऊ असतो तो त्याचा तपकिरी गाभा. कडेचे फिकट लाकूड वाळवी खाते, ते लवकर कुजतेही. शिवाय पायाच्या कापलेल्या टोकातून पाणी वर चढते. आपण मात्र दरवर्षी वरची फळीच रंगवतो! उन्हाने ती राखाडी पडते, पण त्याने मजबुती जात नाही.

आम्ही सुताराकडून कुजका भाग कापून चारही पाय सारखे करून घेतले, खाली फरशीचे तुकडे ठेवले. उन्हाळ्यात लाकूड कोरडे झाल्यावर पॉलिश पेपर मारून रंगाच्या दुकानातले जवसाचे डबल बॉइल्ड तेल लावले. पायांच्या टोकांना तीनदा. जास्तीचे तेल पुसून घ्यावे. शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते वाळत नाही, धूळ धरते.

एक खबरदारी: जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका. वाळताना ती तापून आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून बाहेर मोकळी पसरा.

पावसाळ्यापूर्वी बाकडे एकदा उलटे करून पाहाच. घरातल्या बुजुर्गांचा भार त्या चार पायांवर असतो.