विधी शिक्षणातील विशेषीकरण व महाविद्यालयाची निवड : रनाळे परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

नंदुरबार तालुक्यातील रनाळे व आसपासच्या गावांतील विद्यार्थी विधी शाखेचा विचार करू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात : कोणत्या कायद्यात प्रावीण्य मिळवावे आणि कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा. पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरते. पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थेसाठी कर्ज काढले जाते आणि विषयाचा विचार पदवी हाती आल्यावर सुरू होतो. वास्तविक हा क्रम उलट असावयास हवा. जेथे काम करावयाचे तेथे कोणते दावे येतात व कोणती भाषा चालते, हे पाहून विषय ठरावा आणि विषयावरून महाविद्यालय.

पदवी व विशेषीकरण :

एलएल.बी. ही मुळात सर्वसाधारण पदवी आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये सनद मिळालेल्या वकिलावर दिवाणी किंवा फौजदारी असा शिक्का बसत नाही. औपचारिक विशेषीकरण एलएल.एम.ला होते, खरे विशेषीकरण मात्र ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात, फायली चाळता चाळता घडते. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी दावा-मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटानिवारण व अभिरूप न्यायालय हे चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत. महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा हे चार विषय तेथे कसे शिकविले जातात, याची चौकशी प्रवेशापूर्वी करणे अधिक उपयुक्त ठरते.

जिल्ह्याची विधिविषयक गरज :

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी व नवापूर तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. नंदुरबार व शहादा तालुक्यांतीलही काही गावे त्यात येतात. त्यामुळे येथे जमिनीचा कायदा हाच मध्यवर्ती विषय ठरतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. त्यासोबत १९७४ चा जमीन प्रत्यार्पण कायदा, १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क कायदा व २०१३ चा भूसंपादन कायदा आहेत. सरदार सरोवरामुळे बाधित झालेली महाराष्ट्रातील ३३ गावे अक्कलकुवा व अक्राणी याच दोन तालुक्यांतील. पुनर्वसनाचे प्रश्न तेथूनच उभे राहिले.

हे काम बव्हंशी दिवाणी न्यायालयाबाहेर, तहसीलदार, प्रांताधिकारी व जिल्हाधिकारी यांच्यापुढे चालते. सातबारा, फेरफार व जुन्या हक्कनोंदी अचूक वाचता येणारा, भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पक्षकाराचे म्हणणे दुभाष्याविना समजणारा वकील येथे दुर्मीळ असतो. रनाळ्याच्या विद्यार्थ्याला अहिराणी घरातच मिळते. ही जमेची बाजू कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. तथापि या कामातून पैसा सावकाश येतो. पहिली काही वर्षे वाटणीचे दावे, मोटार अपघात भरपाई, धनादेश अनादर व पोटगीची प्रकरणे यांवरच कार्यालयाचा खर्च निघतो, आणि कुटुंबाने ते आधीच गृहीत धरलेले बरे.

महाविद्यालयाची निवड :

जमीन, महसूल किंवा फौजदारी वकिली हे उद्दिष्ट असल्यास नंदुरबार वा जळगाव येथील विधी महाविद्यालय पुरेसे आहे. नंदुरबारला गावाहून ये-जा करता येते आणि दुपारी जिल्हा न्यायालयात बसता येते. एमएच-सीईटी मराठीतूनही देता येते. सनदीच्या शुल्काचा भारही हलका झाला आहे : सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी हे शुल्क सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० व अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असा निर्णय दिला.

कंपनी कायदा किंवा मोठ्या विधी संस्थांतील नोकरी हवी असेल तर गणित बदलते. या संस्था प्रामुख्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून उमेदवार निवडतात. मुंबई, नागपूर व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे अशी विद्यापीठे आहेत. प्रवेश 'क्लॅट'मधून होतो आणि तिची तयारी इंग्रजीतून करावी लागते. येथे कर्ज समर्थनीय ठरू शकते. पेटंटविषयक काम करू इच्छिणाऱ्या विज्ञान पदवीधराला मात्र एक वेगळी वाट आहे : पेटंट एजंटची परीक्षा देण्यास विधी पदवी लागत नाही.

न्यायाधीशपदाची आकांक्षा असणाऱ्यांसाठी २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा होय. त्याने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पदवीनंतर थेट शिकवणी वर्गात बसण्याची प्रथा त्यामुळे अडचणीत आली, तर तालुका न्यायालयातील उमेदवारीचे मोल वाढले.

एक अडचण उरते, ती इंग्रजीची. तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठी चालते; परंतु महसुली आदेशाविरुद्धची रिट याचिका उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते आणि तेथील कामकाज इंग्रजीत होते. स्थानिक महाविद्यालय निवडणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला एक मराठी आदेश इंग्रजीत उतरवून तो एखाद्या वकिलाकडून तपासून घेतला, तर आपल्या पक्षकाराची फाईल खंडपीठाच्या दारात दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.