एचआयव्हीसोबत ‘पांढरी कावीळ’: गोळ्यांचा खंड यकृताच्या मुळावर

एआरटी केंद्रातून एचआयव्हीसाठी मिळणाऱ्या रोजच्या एका गोळीत बहुतेकदा तीन औषधं असतात: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. यातली पहिली दोन हेपॅटायटिस बी, म्हणजेच बोलीतल्या ‘पांढऱ्या काविळी’च्या विषाणूलाही दाबून ठेवतात. दोन्ही आजार असणाऱ्यांची ही एकच गोळी दुहेरी राखण करते.

धोका आहे तो खंड पडण्यात. ऊसतोडीला किंवा गोव्यात बांधकामावर गेलं, गोळ्या संपल्या, ‘गावी परतल्यावर बघू’ म्हटलं, की दबलेला बी विषाणू उसळतो. यकृताला अचानक सूज येते. कधी जिवावरही बेततं. परराज्यात जाण्याआधी आपल्या केंद्रात तसं सांगावं. मुक्काम लांबणार असेल तर बदलीची कागदपत्रं घ्यावीत. बेळगावचा रुग्ण कोल्हापूर किंवा गोव्यातल्या केंद्रातही उपचार चालू ठेवू शकतो.

हेपॅटायटिस सीचं गणित वेगळं. त्यावर लस नाही, पण तो बरा होतो. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या साधारण 12 आठवडे घेतल्यास 100 पैकी 90 हून अधिक रुग्णांच्या रक्तातून विषाणू जातो. एचआयव्ही असला तरीही. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. त्याच्यासोबत या गोळ्यांचा असर कमी होतो.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ ए आणि ई विषाणूंची. बी आणि सी मात्र एचआयव्हीसारखेच रक्त, सुई, असुरक्षित संबंध आणि आईकडून बाळाला पसरतात. एकत्र जेवल्याने पसरत नाहीत. वर्षानुवर्षं डोळे पिवळे होत नाहीत, त्रासही जाणवत नाही. आत यकृत मात्र निबर होत जातं. एचआयव्ही असेल तर हा वेग वाढतो. म्हणून लक्षणांची वाट न बघता एचआयव्हीचं निदान होताच बी आणि सी दोन्हींची रक्ततपासणी करून घ्यावी. बीची लागण नसेल आणि प्रतिकारशक्तीही नसेल तर लस घ्यावी. काविळीच्या जडीबुटीपायी वेळ घालवू नये. दारू तर पूर्ण सोडावी.

28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत मिळतात. एचआयव्हीविषयी माहितीसाठी 1097 हा निःशुल्क क्रमांक देशभर चालतो. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाचं नाव गुप्त ठेवणंही बंधनकारक केलं आहे.