एनपीएसमधली निवड : ऑटो की ॲक्टिव्ह?

राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, म्हणजे एनपीएसचं खातं उघडताना पॅन, पत्ता, बँकेचा तपशील भराभर भरला जातो. हात अडतो तो एका प्रश्नापाशी : ‘ऑटो चॉइस’ की ‘ॲक्टिव्ह चॉइस’? अनेक जण सहकाऱ्याने जे निवडलं तेच निवडून मोकळे होतात. पण सहकाऱ्याचं वय आणि त्याची इतर बचत तुमच्यासारखीच असेल असं नाही.

आधी पैसे जातात कुठे ते पाहू. ‘ई’ म्हणजे शेअर, ‘सी’ म्हणजे कंपन्यांचे रोखे आणि ‘जी’ म्हणजे सरकारी रोखे. शेअरमध्ये वाढीची संधी जास्त, चढउतारही जास्त.

ॲक्टिव्हमध्ये हे प्रमाण तुम्ही ठरवता. नेहमीच्या योजनेत ‘ई’मध्ये जास्तीत जास्त ७५ टक्के ठेवता येतात. ऑटोमध्ये प्रमाण वयानुसार आपोआप बदलतं. त्यातला मध्यम प्रकार ‘एलसी ५०’ घेऊ. पस्तिशीपर्यंत दर १०,००० रुपयांतले ५,००० शेअरमध्ये, ३,००० कंपन्यांच्या रोख्यांत, २,००० सरकारी रोख्यांत. पुढे शेअरचा वाटा दरवर्षी २ टक्क्यांनी उतरतो : पंचेचाळिशीत ३० टक्के, पंचावन्नाव्या वर्षी १०. ही फेरमांडणी नव्या हप्त्यापुरती नसते, साठलेल्या सगळ्या रकमेची होते.

याचा उपयोग काय? समजा, पंचावन्नाव्या वर्षी २० लाख साठलेत आणि शेअर ३० टक्क्यांनी कोसळले. एलसी ५० मध्ये शेअरमध्ये २ लाखच असतील, फटका ६० हजारांचा. ॲक्टिव्हमध्ये निम्मी रक्कम शेअरमध्ये तशीच राहिली असेल, तर ३ लाखांचा. तिशीत असा खड्डा भरून निघायला वर्षं हाताशी असतात. पंचावन्नाव्या वर्षी साठीला पाचच उरतात.

मग निवड कशी करायची? भविष्य निर्वाह निधीत ठरलेल्या व्याजाची बचत आधीच होत असेल आणि वय कमी असेल, तर ऑटोमधला जास्त शेअरचा प्रकार ‘एलसी ७५’ परवडतो. चढउतार सोसत नसतील, तर कमी शेअरचा ‘एलसी २५’. ॲक्टिव्ह त्यांच्यासाठी, जे वर्षातून एकदा तरी खातं उघडून प्रमाण तपासतील आणि वय वाढेल तसा शेअरचा वाटा स्वतः उतरवतील.

खातं आधीच असेल, तर आज लॉगिन करून तुमची निवड कोणती आहे ते बघा. चुकलेली वाटली तर बदलता येते. त्यासाठी नवं खातं काढावं लागत नाही.