तांब्याचा पत्रा, कॅमेरा आणि षष्ठी विभक्ती

पहाटे 5.45
खोलीत टेबल एकच. सकाळी त्यावर संस्कृतच्या वह्या असतात, रात्री लॅपटॉप. मी नागपुरात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जोडीला संस्कृतची बी.ए. करते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, म्हणून हे जमलं. घरच्यांच्या मते हे दोन दगडांवर पाय ठेवणं आहे. मला मात्र दगड एकच दिसतो.

या सत्राचं काम आहे रामटेकवरच्या प्रदर्शनाचं पोस्टर. त्यावर ‘रामगिरि’, म्हणजे रामटेकचं जुनं नाव मानला जाणारा शब्द, वाकाटक राजघराण्याच्या काळच्या अक्षरांत हवा. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेल्या ताम्रपटात तो आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिने ते दानपत्र रामगिरिस्वामी या देवाच्या चरणांपाशी दिलं. ‘रामगिरिस्वामिनः’ ही षष्ठी, ‘पादमूलात्’ ही पंचमी. साडेसातपर्यंत एवढं पक्कं करते.

सकाळी 8.15
सुभाष नगरहून मेट्रो. उतरल्यावर तर्री पोहे. तर्री दुसऱ्यांदा मागायची नाही, कारण पुढे सलग तीन तास बसायचं असतं.

सकाळी 9.00
अक्षररचनेचा तास. आज वेलांटीवर काम. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, डावीकडे येते. टाइप करताना आधी ‘ग’ आणि मग वेलांटी, दिसताना उलट. ब्राह्मीत ही भानगड नव्हती. ऱ्हस्व इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावरच बसायची. त्यामुळे ‘गिरि’ काढताना देवनागरीत डावीकडे जागा सोडावी लागते, तर ब्राह्मीतूनच आलेल्या वाकाटकांच्या लिपीत वर. म्हणजे माझ्या पोस्टरवर शब्दाच्या वर मोकळी जागा हवी. सर फळ्यापाशीच म्हणाले, “मग ओळीची उंची त्या इकारावरून ठरव, ‘म’वरून नको.” दिवसभराचं खरं मार्गदर्शन हे एका वाक्यात झालं.

सकाळी 11.15
स्टुडिओ. वाकाटकांचे बहुतेक ताम्रपट पेटिकाशीर्ष अक्षरांत आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. ही पेटी कधी आतून पोकळ, कधी भरीव. छापील चित्रात बघून तिचं वळण हाताला समजत नाही. म्हणून इतवारीतून तांब्याचा पत्रा आणला आणि त्यावर कोरणीने ‘र’ कोरला. र सगळ्यांत सोपा: एक उभा दंड, खाली डावीकडे वळलेला, वर पेटी.

आता त्याचा फोटो. तांबं आरशासारखं, समोरून लाइट टाकला की पत्र्यात लाइट, ट्रायपॉड आणि मी, सगळे दिसतो. उपाय जुनाच आहे. काळ्या कार्डशीटला लेन्सएवढं भोक पाडायचं, लेन्स त्यातून बाहेर काढायची, म्हणजे पत्र्यात फक्त काळं दिसतं. मग एकच लाइट, अगदी बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकून. एफ-11, आयएसओ 100, शटर संथ, हात न लावता टायमरवर. आडव्या उजेडात खाचेची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि कोरणी कुठून घुसली, कुठे उचलली ते दिसू लागतं. शिलालेखांचे फोटोही असेच काढतात.

मैत्रीण दारातून डोकावली. “काय करून राहिली बे?”
“र.”
“सकाळपासून एकच?”

दुपारी 1.30
डबा.

दुपारी 2.15
ग्रंथालय. वाकाटकांचे लेख वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादित करून 1963 मध्ये एका खंडात आणले. भारतीय कोरीव लेखांच्या मोठ्या मालेतला हा पाचवा खंड. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत त्यांनीच हिरिरीने मांडलं.

खंडातल्या रिद्धपूर ताम्रपटाच्या ठशाचा फोटो घेऊन ‘रामगिरि’ हा शब्द कापायचा. इथे डिझाइनवाल्याची परीक्षा. या लेखांत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘रि’ला लागूनच ‘स्वा’चं जोडाक्षर येतं. ज्याला समास सोडवता येत नाही, तो कात्री कुठे लावणार? सकाळची षष्ठी इथे कामाला आली.

याच खंडात देवटेकचा दगडही आहे. तो चंद्रपूर जिल्ह्यातला. पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे 1863 पासूनच्या आपल्या अजब बंगल्यात आला. एका शिळेवर दोन लेख: एक मौर्यकाळातल्या ब्राह्मीतला, प्राण्यांना धरू-मारू नका असं बजावणारा, दुसरा त्यानंतर कित्येक शतकांनी वाकाटक रुद्रसेनाच्या काळी कोरलेला. पहिल्यातली अक्षरं डोक्यावर काही न घेता उभी, दुसऱ्यातली पेट्या घेऊन. डोक्यावरच्या अशा खुणांमधूनच उत्तरेकडच्या लिप्यांत पुढे शिरोरेषा तयार झाली. अक्षराचा इतिहास शिकवायला याहून चांगला फळा कुठे मिळणार?

सायंकाळी 5.00
संस्कृतचा तास. संधी, संधी आणि संधी.

सायंकाळी 7.15
चितार ओळीजवळचं छपाईचं दुकान. बाहेर मूर्तिकारांच्या मातीचा वास, आत शाईचा. दादांचा पहिला प्रश्न ठरलेला: “फाइल कर्व्ह करून आणली का, ताई?” फॉन्टमधली अक्षरं वळणांत बदलली नसतील, तर त्यांच्या संगणकावर युनिकोड मराठीचा चुराडा होतो आणि सगळं पुन्हा श्रीलिपीत टाइप करावं लागतं. मी करूनच आणते. माझा ‘र’ तर कुठल्याच फॉन्टमध्ये नाही.

ट्रायल प्रिंट 300 जीएसएम मॅटवर काढली. तांब्याचा रंग छापताना हमखास विटकरी होतो. निळ्याचा अंश थोडा कमी केल्यावर जमला. दादांनी पोस्टर लांब धरून पाहिलं. “हे काय लिहिलं आहे?” सांगितलं. मग ते स्वतःच बोटाने पेट्या मोजायला लागले.

रात्री 10.00
फाइलला नाव, तारीख, बॅकअप. उद्या ‘म’.

उपयोजित कला शिकणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींना एवढंच सांगेन: चांगल्या अक्षरांसाठी पुण्या-मुंबईकडे बघत बसू नका. रामटेक, रिद्धपूर, देवटेक आपल्याच भागात आहेत. आधी थोडं संस्कृत आणि ब्राह्मी वाचायला शिका, मगच कॅमेरा उचला. वाचता न येणाऱ्या अक्षराचा फोटो काढता येतो. ते अक्षर पुन्हा घडवता येत नाही.