फोकस कुठे पडतो?

जुन्या बुलेटच्या डोममध्ये भलत्याच गाडीचा दिवा विनातक्रार बसतो, याचे बरेचसे श्रेय एका मापाला आहे. 1940 पासून अमेरिकेत मोटारींना सात इंच व्यासाचे, काच आणि परावर्तक एकत्र बंद केलेले गोल दिवे सक्तीचे झाले. सात इंच हे माप पुढे इतके रुळले की जुनी जीप रँग्लर आणि आपली बुलेट यांच्या दिव्यांचा घेर आजही जुळतो. म्हणून जीपसाठी बनवलेला एलईडी दिवा गॅरेजमध्ये तासाभरात बुलेटवर चढतो. समोरची भिंत लख्ख उजळते आणि मालक खूश होतो. पण दिवा डोममध्ये बसला म्हणजे त्याचा उजेड रस्त्यावर योग्य जागी पडेलच असे नाही. तो कुठे पडायचा, हे परावर्तकाची भूमिती ठरवते.

जुन्या दिव्याचा परावर्तक अन्वस्ताकार असतो, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा. त्याच्या नाभीवर ठेवलेल्या बिंदूतून निघालेले किरण परावर्तित होऊन एकमेकांना समांतर पुढे जातात. हा झाला अप्पर. डिपरची युक्ती मात्र फार सुंदर आहे. एच-4 बल्बमध्ये डिपरची तार नाभीच्या किंचित पुढे असते आणि तिच्याखाली एक छोटी धातूची वाटी असते. वाटीमुळे खाली जाणारा उजेड अडतो, फक्त परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो, आणि तिथून तो खाली रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर त्यामुळे अंधाराची कड तयार होते. काचेवरच्या उभ्या रेघाही शोभेसाठी नसतात, त्या उजेड आडवा पसरवतात. जुन्या परावर्तकावर नुसती गुळगुळीत काच बसवली तर हा पसारा नाहीसा होतो. नव्या गाड्यांच्या काचा गुळगुळीत चालतात, कारण तिथे परावर्तकाच्याच अनेक पैलूंना हे काम वाटून दिलेले असते.

अंधाराची ही कड एका बाजूला वर चढते. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून आपल्याकडे ती डावीकडे चढते आणि कडेने चालणारा माणूस वेळेत दिसतो. अमेरिका आणि बहुतेक युरोपसाठी बनवलेल्या दिव्यात ती उजवीकडे चढते. तसा दिवा आपल्या रस्त्यावर लावला तर उजेडाचा तो चढता तुकडा थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. दिवा विकत घेताना दुकानदाराकडे भिंतीवर डिपर मारून ही कड पाहायचा आग्रह धरावा. वॉट आणि लुमेनचे आकडे त्यानंतर विचारले तरी चालतील.

पूर्ण दिवा न बदलता जुन्या परावर्तकात नुसता एलईडी बल्ब बसवण्याची पद्धत तर जास्तच पसरली आहे, आणि मला तीच अधिक घातक वाटते. जुन्या बल्बची तार काही मिलिमीटर लांबीची असते आणि ती चहूबाजूंनी उजळते. एलईडीच्या चकत्या एका पट्टीच्या दोन अंगांना असतात आणि मधे पट्टीची जाडी येते. परावर्तकाचे नाभीय अंतर 25 मिलिमीटर धरले, आणि प्रकाशाचा उगम बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकला, तर किरण साधारण सव्वादोन अंशांनी वळतो. 25 मीटरवर तो 1 मीटर इकडेतिकडे होतो. रस्त्याकडे जायचा उजेड छातीच्या उंचीवर चढायला एवढे अंतर पुरते. शिवाय एलईडीची उष्णता उजेडासोबत पुढे न जाता मागे साठते, आणि बंद डोममध्ये तिला वाट मिळाली नाही तर बल्ब लवकर निकामी होतो.

मुळात जुना दिवा मंद का झाला? बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतोच. 55 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 4.6 अँपियर विद्युतप्रवाह घेतो. गंजलेला होल्डर, झिजलेला स्विच आणि सैल अर्थ यांचा मिळून 0.3 ओहमचा रोध झाला, तर 1.4 व्होल्ट वाटेतच जातात. तापलेल्या तारेचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले की उजेड साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो. म्हणून आधी दिवा लावून थेट होल्डरवर मल्टिमीटर धरावा. तिथे आणि बॅटरीवर मोठा फरक दिसला तर जाड तार, स्वच्छ अर्थ आणि एक रिले एवढ्यानेच जुना दिवा पुन्हा जोमाने पेटतो. हा खर्च नव्या दिव्याच्या तुलनेत किरकोळ असतो.

छोट्या जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यातल्या अनेकींचा हेडलाइट बॅटरीवर न चालता मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवा मिणमिणतो. तिथे एलईडी थेट जोडला तर तो लुकलुकतो, आणि रेग्युलेटर जुना असेल तर व्होल्टेजच्या उसळीने त्याचे सर्किट जळूही शकते. मेकॅनिक करतात ते ‘डीसी कन्व्हर्जन’, म्हणजे दिवा बॅटरीच्या डीसी विजेवर आणणे, आधी हवे. यात घाई करणारे एक उलटी चूकही करतात. 35 वॉटच्या बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात खाच घासून 60/55 वॉटचा बल्ब बसवतात. त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिकचा परावर्तक खराब होतो आणि कॉइल तेवढी वीज पुरवूही शकत नाही.

असे दिवे बदलण्याची हौस नवी नाही. ब्रिटनमध्ये पडून फुटलेल्या फेअरिंगच्या, म्हणजे पुढच्या आवरणाच्या, जागी दोन गोल दिवे लावून लोक गाड्या फिरवत. ती रांगडी तऱ्हा इतकी आवडली की ट्रायम्फने 1997 च्या स्पीड ट्रिपलवर कारखान्यातूनच तसे जोडदिवे दिले. आपल्याकडे मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारे बदल रोखते. बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारलेले बरे.

शेवटचे काम कोनाचे, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डिपरची कड दर मीटरला सुमारे 1 सेंटिमीटर उतरावी, म्हणजे 10 मीटरवरच्या भिंतीवर ती दिव्याच्या उंचीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली यावी. हे माप अनेकदा गाडी रिकामी, स्टँडवर उभी करून घेतले जाते. जुन्या बुलेटच्या दोन चाकांतले अंतर सुमारे 137 सेंटिमीटर आहे. मागे माणूस बसून मागचे स्प्रिंग 3 सेंटिमीटर दबले, तर पुढची बाजू दर मीटरला जवळजवळ 2.2 सेंटिमीटर वर झुकते. नीट लावलेली 10 सेंटिमीटर खालची कड तेव्हा दिव्याच्या उंचीपेक्षा 12 सेंटिमीटर वर जाते आणि गाडी डिपरवर असूनही समोरच्याला अप्पर मारत राहते. म्हणून गाडी स्टँडवरून उतरवावी, टायरमध्ये हवा पुरेशी भरावी, नेहमी मागे बसणाऱ्याला बसवावे, आणि मगच डोमचे बोल्ट आवळावेत.