कॅलेंडरवरची हजेरी

चाकणच्या एका पॅकिंग युनिटमध्ये ठेकेदाराकडून लागलेला एक कामगार गेल्या वर्षी माझ्यासमोर बसला होता. अडीच महिन्यांचा पगार थकलेला. ठेकेदार आधी 'सोमवारी करतो' म्हणायचा, मग फोन उचलेनासा झाला. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने कालनिर्णयची तीन पानं काढली. दुधाच्या हिशेबाशेजारी प्रत्येक चौकटीत बॉलपेनने लिहिलेलं: 'डे', 'नाइट', कुठे 'ओटी ४'. एका रविवारी नुसती फुली. पानं दाखवून तो लगेच म्हणाला, "पण मॅडम, याचा काय उपयोग? आपल्याकडे लेटरच नाही. स्लिप कधी दिलीच नाही."

पगार बुडालेली दहापैकी आठ माणसं हेच वाक्य घेऊन येतात. मालकाने कागद दिला नाही म्हणून आपली बाजू लंगडी, हा समज इतका घट्ट बसलाय की लोक अर्जच करत नाहीत. कायदा नेमका उलट बोलतो. नेमणुकीचं पत्र, हजेरीपट, पगाराची चिठ्ठी हे सगळं ठेवणं आणि देणं ही मालकाची जबाबदारी आहे. ते त्याने केलं नाही, तर दोष त्याचा. वेतन संहितेत स्पष्ट म्हटलंय की पगार दिला नाही, कमी दिला किंवा बेकायदा कापला अशी तक्रार झाली, तर पगार दिल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. आपल्याला दाखवायचं असतं ते एवढंच, की मी तिथे कामाला होतो. त्यासाठी बँकेच्या पासबुकातल्या आधीच्या जमा, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, गेटपास, शिफ्ट बदलल्याचे व्हॉट्सअॅप मेसेज, शेजारच्या टेबलावर काम केलेल्या माणसाची साक्ष, यातलं जे असेल ते चालतं. कॅलेंडरची पानंही चालतात. रोजच्या रोज केलेली नोंद आहे ती, तक्रारीच्या आदल्या रात्री लिहिलेली नाही, हे शाईवरूनच कळतं.

इथे कायद्याचं नाव नीट सांगायला हवं, कारण ते बदललंय. १९३६ चा वेतन प्रदान कायदा आपल्याकडे जवळजवळ नव्वद वर्षं चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे, असं ती म्हणते. ही तारीख आपसूक मिळालेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी होती: पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या. रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते, पगाराची तारीख कुणाला आठवत नाही.

आता पांढरपेशांचा लाडका गैरसमज. "मी तर असिस्टंट मॅनेजर होतो, कामगार कायदा मला कुठे लागू?" जुन्या कायद्यात याला आधार होता. महिना २४,००० रुपयांवर पगार गेला की तो हात वर करायचा. संहितेने ही मर्यादा काढली. कर्मचारी या शब्दात आता देखरेख करणारे, कार्यालयात बसणारे, व्यवस्थापक, सगळे येतात. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीतला माणूस आणि भोसरीच्या पत्र्याच्या शेडमधला माणूस पगाराच्या तारखेपुरते एकाच रांगेत आहेत.

त्याच वर्गाचा दुसरा समज म्हणजे 'फुल अँड फायनल'ला पंचेचाळीस दिवस लागतातच. एचआरवाले हे इतक्या शांतपणे सांगतात की तो कायदाच वाटावा. तो कंपनीचा रिवाज आहे. राजीनामा असो, काढून टाकलेलं असो, कपात असो वा कारखाना बंद पडलेला असो, झालेल्या कामाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'लॅपटॉप दिला नाही', 'नोटीस पूर्ण केली नाही' म्हणून सगळाच पगार दाबून ठेवता येत नाही. नुकसानीबद्दल पैसे कापायचे तर आधी कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि उचल, दंड, नुकसान सगळं धरून एका पगारातली कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये.

पण सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते ठेकेदारीत. ठेकेदार गायब, मूळ कंपनी म्हणते 'तुम्ही आमचे नाहीच', आणि कामगार ते खरं मानून घरी जातो. हे खरं नाही. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी ज्या आस्थापनेत काम झालं तिच्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हेच होतं, आजही आहे. कंपनीने नंतर ठेकेदाराच्या बिलातून ते वसूल करावेत, तो त्यांचा आपसातला प्रश्न. म्हणून अर्जात ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव घाला. गेटवरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, नाव स्पेलिंगसकट बरोबर लागतं.

पगार थकला की बरेच जण आधी पोलिस चौकी गाठतात. तिथे फार तर एनसी होते आणि 'कामगार ऑफिसला जा' असं सांगतात. ते बरोबरच सांगतात. पगारवसुली त्यांचं काम नाही, दिवाणी न्यायालयाचंही नाही. दुसरी वाट एखाद्या 'भाऊं'च्या कार्यालयाची. दम देऊन कधी कधी पैसे निघतात, हे नाकारत नाही. त्यातला किती वाटा भाऊंच्या पोरांकडे राहतो, हे मी ऐकलंय. हक्काच्या पैशाला दलाली कशाला? अर्ज जातो तो जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून (मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे) पगाराचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यापुढे. स्वतः करता येतो, नोंदणीकृत युनियन करू शकते, निरीक्षकही करू शकतो. एका आस्थापनेतल्या कितीही जणांचा मिळून एकच अर्ज चालतो. चाकणच्या त्या माणसाला मी हेच सांगितलं. पुढच्या वेळी तो आणखी सहा जणांना घेऊन आला. एकट्याला वाटणारी भीती सात जणांत वाटली गेली, की बरीच हलकी होते.

प्राधिकाऱ्याला थकलेल्या रकमेवर तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावता येते. 'पर्यंत' हा शब्द वाचा, दहा पट कुणी सरसकट देत नाही. मालकाने आदेश धुडकावला तर वसुलीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे निकाल हातात घेऊन मालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही. दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असंही कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. तेवढा दम धरायची तयारी ठेवावी.

राहिला वकील. "वकिलाची फी पगारापेक्षा जास्त होईल" हे बोलणं इतकं पटण्यासारखं आहे की त्यापुढे विचारच थांबतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने काही लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोणतीही स्त्री यांना उत्पन्नाची अट नाही. वर्षाला दहा लाख कमावणारी बाईही मागू शकते. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, हाही एक समज. काही कच्चे असतात, तसे फी घेणारेही असतात. नीट बघत नसेल तर वकील बदलून मागता येतो.

एक गोष्ट मात्र कुणी दुसरं करून देणार नाही, ती म्हणजे मुदत पाळणं. संहितेत दाव्याला तीन वर्षं आहेत, जुन्या कायद्यात बारा महिनेच होते. उशिराला सबळ कारण असलं तर अर्ज घेतला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. 'सोमवारी करतो' असं तिसऱ्यांदा ऐकलंत की बोलणं मेसेजवर आणा, म्हणजे त्याचं उत्तरही लेखी राहील. मग १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करा. आणि येताना कॅलेंडरची पानं आणा, फाडून टाकू नका.